निकालपत्रात न मावलेले चौरीचौरा

(मंडळाच्या वार्षिक व्याख्यानात बडोदे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला दिलेला विषय आहे 'गुन्हा, आंदोलन आणि वृत्तपत्रांतून दिसणारा न्याय'. विषय एवढा मोठा, की त्यावर सरसकट बोलायला गेलो तर तासभर शब्द उडवून हाती काहीच लागणार नाही. म्हणून आम्ही एकच अभ्यासक, त्याचे एकच पुस्तक आणि एकच प्रकरण घेऊन बोलणार आहोत. अभ्यासक आहेत दिल्ली विद्यापीठात इतिहास शिकवलेले प्राध्यापक शाहिद अमीन. प्रकरण आहे चौरीचौऱ्याचे. त्यांचे पुस्तक १९९५ साली इंग्रजीत आले. त्याच्या नावात तीन शब्द आहेत : घटना, रूपक आणि स्मृती. आजचे आमचे बोलणे या तीन शब्दांच्या आधारानेच पुढे जाईल.

चौरीचौऱ्याबद्दल आपण सगळ्यांनी शाळेत एक वाक्य पाठ केलेले आहे. १९२२ साली चौरीचौरा येथे संतप्त जमावाने पोलीस ठाणे जाळले, म्हणून गांधीजींनी असहकाराची चळवळ थांबवली. एका गुणाचा प्रश्न, एका ओळीचे उत्तर. हे वाक्य खोटे नाही. पण पुन्हा एकदा ऐका. त्यात गांधीजींना नाव आहे, चळवळीला नाव आहे, पोलिसांना निदान हुद्दा आहे. जमावाला मात्र काहीच नाही. तो कुठून आला, कशासाठी आला, त्यात कोण होते, पुढे त्यांचे काय झाले, यातले काही त्या ओळीत नाही. अमीन यांनी आपली कित्येक वर्षे या एका ओळीची गाठ सोडवण्यात घालवली.

मुळात हे गृहस्थ गोरखपूर जिल्ह्याचे जाणकार. त्यांचा आधीचा अभ्यास त्याच जिल्ह्यातील ऊस आणि साखर यांवर होता. कोणत्या महिन्यात शेतकऱ्याच्या हाती पैसा असतो, कोणत्या महिन्यात तो कर्ज काढतो, जमीनदाराच्या बाजारात कोणाची सत्ता चालते, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. आम्हाला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. माणसे ठाण्यावर चालून गेली त्या दिवसापासून गोष्ट सुरू केली, की ती गुन्ह्याचीच गोष्ट होते. त्याआधीच्या दिवसांपासून सुरू केली, तर ती निराळी दिसू लागते.

तेव्हा आधीच्या दिवसांपासून सुरुवात करू.

८ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजी गोरखपूरला आले. त्यांच्या दर्शनाला लाखावर लोक लोटले. त्यानंतर गावोगाव चमत्कारांच्या बातम्या पसरल्या. कोणी म्हणाला, माझ्या गुऱ्हाळातली उसाच्या रसाची कढई दुभंगली तर मी महात्माजींना मानीन, आणि म्हणे कढई मधोमध दुभंगली. अशा हकीकती गोरखपूरच्या 'स्वदेश' या हिंदी साप्ताहिकात छापून येत होत्या. अमीन यांनी १९८४ साली यावर एक स्वतंत्र निबंध लिहिला. त्यात त्यांनी या हकीकतींना अडाण्यांच्या भाकडकथा म्हणून हसून सोडून दिले नाही. लोक गांधीजींच्या नावाखाली आपापल्या गावात कोणते नियम घालून घेत होते, कोणाला वठणीवर आणत होते, स्वराज्य म्हणजे त्यांना नेमके काय वाटत होते, हे त्यांनी या छापील कानगोष्टींतून शोधले. सभेत पुढाऱ्यांनी सांगितलेले स्वराज्य आणि गावात ऐकू आलेले स्वराज्य यांत अंतर होते. हे अंतर ज्याला दिसत नाही, त्याला पुढची घटना अचानक पेटलेल्या आगीसारखी वाटते.

आता घटना. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याजवळच्या मुंडेरा बाजारात काँग्रेसचे स्वयंसेवक दारूच्या दुकानांवर आणि मांस-मासळीच्या चढ्या भावांविरुद्ध निदर्शने करीत होते. बाजार एका जमीनदाराच्या मालकीचा होता. १ फेब्रुवारीला ठाणेदार गुप्तेश्वर सिंह याने तिथे स्वयंसेवकांना मारले. मार खाणाऱ्यांत भगवान अहीर नावाचा माणूस होता. तो महायुद्धात इंग्रजांच्या बाजूने मेसोपोटेमियात जाऊन आलेला, सरकारी पेन्शन घेणारा निवृत्त शिपाई होता. ज्या सरकारसाठी परमुलखात जिवावर उदार झाला, त्याच सरकारच्या ठाणेदाराने त्याला भरबाजारात झोडपले.

शनिवार, ४ फेब्रुवारीला आसपासच्या गावांतले स्वयंसेवक डुमरी येथे जमले. आमच्या माणसाला का मारले, हे ठाणेदाराला विचारायचे आणि मग बाजारात जाऊन निदर्शने करायची, असे ठरले. मिरवणूक ठाण्यावरून निघाली. बाचाबाची झाली, दगडफेक झाली. पोलिसांनी आधी हवेत गोळ्या झाडल्या. कोणाला काही झाले नाही, तेव्हा जमावात आवाज उठला की गांधीजींच्या कृपेने गोळ्यांचे पाणी झाले. त्यानंतरच्या गोळीबारात तीन माणसे मेली. पोलीस ठाण्यात शिरले. जमावाने बाजारातून रॉकेल आणून ठाणे पेटवले. ठाणेदारासह २३ पोलीस आणि चौकीदार मारले गेले.

बंधू-भगिनींनो, येथे आम्ही क्षणभर थांबतो. या २३ जणांचे मरण भयंकर होते. त्यांनाही घरे होती, मुलेबाळे होती. चौकीदार तर बहुतेक त्याच परिसरातले गरीब लोक. आज आम्ही जे पुढे सांगणार आहोत, त्यात या मरणाचे समर्थन कोणी शोधू नये. अमीन यांनीही ते केलेले नाही. कारण सांगणे आणि कौल देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या ठेवता येत नसतील, तर आपण इतिहास लिहू नये आणि वार्तापत्रही काढू नये.

आता रूपकाकडे येऊ. घटना घडली गोरखपूर जिल्ह्यात, पण तिचा अर्थ ठरला आपल्या बडोद्यापासून फारसे दूर नसलेल्या बार्डोलीत. बार्डोली तालुका इंग्रजी मुलखातल्या सुरत जिल्ह्यात होता. शेजारचा नवसारी प्रांत मात्र बडोदे संस्थानचा. सामुदायिक सविनय कायदेभंग बार्डोलीतून सुरू करणार, असे गांधीजींनी १ फेब्रुवारीला व्हाइसरॉय रीडिंग यांना कळवले होते. भगवान अहीर मुंडेऱ्यात मार खात होता तो हाच दिवस. पुढे चौरीचौऱ्याची बातमी आली. ११ आणि १२ फेब्रुवारीला बार्डोलीत काँग्रेस कार्यकारिणी बसली आणि कायदेभंग तहकूब झाला. गांधीजींनी पाच दिवसांचा उपवास केला. १६ फेब्रुवारीच्या 'यंग इंडिया'त त्यांनी लेख लिहिला, त्याचे शीर्षकच 'चौरीचौऱ्याचा गुन्हा' असे होते.

या शीर्षकाकडे नीट पाहा. सरकार या प्रकाराला गुन्हा म्हणत होते, त्यात नवल नाही. पण ज्यांचा जयजयकार करीत माणसे निघाली होती, त्यांनीही तोच शब्द वापरला. गांधीजींची कारणे त्यांच्या धर्मबुद्धीतून आली होती आणि त्यांनी शिक्षा प्रथम स्वतःला करून घेतली, हे विसरून चालणार नाही. तरी परिणाम हा झाला, की त्या शेतकऱ्यांना 'आपले' म्हणणारे कोणी उरले नाही. गजाआड असलेले मोतीलाल नेहरू आणि लाला लजपतराय नाराज झाले. फेब्रुवारीअखेर दिल्लीला महासमितीची बैठक झाली, तिथे आपल्या नागपूरच्या डॉ. मुंजे यांनी गांधीजींच्या धोरणाविरुद्ध ठराव मांडला. पण हा सारा वाद काय होता? चळवळ थांबवावी की थांबवू नये, हा. डुमरीच्या माणसांनी काय सोसले होते आणि त्यांना काय हवे होते, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या अजेंड्यावर नव्हता. चौरीचौरा हे गावाचे नाव उरले नाही. ती पुढाऱ्यांच्या वादातली एक उपमा झाली. 'चौरीचौरा होऊ देऊ नका' असे म्हटले की सगळे समजत. अमीन याला रूपक म्हणतात ते यासाठी.

पुढचा टप्पा कोर्टाचा. पोलिसांनी आसपासची गावे धुंडाळली. काँग्रेसने स्वयंसेवकांकडून प्रतिज्ञापत्रे भरून घेतली होती. देशसेवेच्या शपथेखाली केलेली सही किंवा उठवलेला अंगठा आता संशयितांच्या यादीसारखा उपयोगी पडू लागला. सेशन्स कोर्टात २२५ आरोपी उभे राहिले. ९ जानेवारी १९२३ रोजी न्यायाधीश होम्स यांनी त्यांतल्या १७२ जणांना फाशी सुनावली. एका खटल्यात १७२! अपील अलाहाबाद हायकोर्टात गेले. पंडित मदनमोहन मालवीय आरोपींच्या बाजूने उभे राहिले. ३० एप्रिल १९२३ च्या निकालात १९ जणांची फाशी कायम झाली, ११० जणांना जन्मठेप काळ्या पाण्याची, तिघांना दंग्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली आणि ३८ जण सुटले. दोघे तुरुंगातच वारले होते. त्या वर्षीच्या जुलैत १९ जण फासावर गेले. भगवान अहीर त्यांत होता. त्याच्याबरोबर नजर अली, लाल महंमद, अब्दुल्ला, श्यामसुंदर, विक्रम, रामरूप अशी नावे होती. हिंदू आणि मुसलमान एकाच यादीत, एकाच गुन्ह्यासाठी.

येथे अमीन यांच्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग येतो. हा खटला उभा राहिला तो मुख्यतः मीर शिकारी या माफीच्या साक्षीदाराच्या जबानीवर. माफीचा साक्षीदार म्हणजे काय, हे आपल्यातले वकील मंडळी अधिक चांगले सांगतील. तो स्वतः गुन्ह्यात सामील असतो, आणि सगळे खरेखरे सांगेन या अटीवर त्याला माफी मिळते. म्हणजे त्याने स्वतःला गुन्ह्यात जितके गोवावे, तितकी त्याची साक्ष वजनदार. आणि त्याने इतरांची नावे घ्यावीत, तेव्हाच त्याची माफी पक्की. अशा माणसाची हकीकत कोर्टाला सलग, सुबक, क्रमवार मिळते. सभा झाली, शपथ झाली, कूच झाले, हल्ला झाला, आग लागली. सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे.

उलट बाजूला उभे असलेले २२५ लोक काय सांगणार? 'मी तिथे नव्हतो.' दुसरे काही सांगण्याची सोयच नव्हती. 'मी गेलो होतो, कारण ठाणेदाराने आमच्या माणसाला मारले' असे जो म्हणेल, तो स्वतःच्या फाशीच्या कागदावर अंगठा उठवील. म्हणून सगळे गप्प राहिले, किंवा नाकारीत राहिले. परिणाम काय, तर त्या दिवशी काय घडले हे मोकळेपणाने सांगण्याची मुभा एकालाच होती आणि सरकारने त्याला त्यासाठीच वाचवले होते. पुढे ज्यांनी ज्यांनी चौरीचौऱ्यावर लिहिले, त्यांच्या हाती हीच हकीकत आली. कोर्टाला हवे होते ते कोर्टाने त्यातून घेतले : कोणी केले? कोर्टाचे कामच ते आहे. पण 'का आले?' हा प्रश्न त्या कागदांत बसत नाही. १७२ मधले १५१ जण फाशीतून सुटले, याचे श्रेय हायकोर्टाला आणि मालवीयजींना द्यायलाच हवे. तरी निकालपत्र कितीही विचारपूर्वक लिहिलेले असले, तरी ते त्या माणसांचा इतिहास होऊ शकत नाही.

याच सुमारास झालेला दुसरा खटला शेजारी ठेवून पाहा. १० मार्च १९२२ ला गांधीजींना साबरमतीला अटक झाली. १८ मार्चला अहमदाबादच्या शाहीबागेतल्या सर्किट हाऊसमध्ये न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यापुढे राजद्रोहाचा खटला चालला. दोन तासही लागले नाहीत. सरकारी वकिलांनी मुंबई, मद्रास आणि चौरीचौरा येथील हिंसेचा उल्लेख केला. गांधीजींनी ती जबाबदारी स्वीकारली आणि आपले निवेदन वाचून दाखवले. ब्रूमफील्ड यांनी आदराने सहा वर्षांची शिक्षा दिली आणि ती देताना लोकमान्य टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेचा दाखला दिला. टिळकांच्या बरोबरीने आपले नाव घेतले जाणे हा आपण गौरव समजतो, अशा आशयाचे गांधीजी बोलले. मग ते पुण्याच्या येरवडा तुरुंगात गेले.

आपण मराठी माणसे हा प्रसंग अभिमानाने सांगतो आणि सांगावाच. पण दोन कोर्टांतला फरकही सांगावा. अहमदाबादला आरोपी बोलला आणि त्याचे शब्द देशभर छापून आले. गोरखपूरला आरोपींना बोलताच आले नाही. दोन्ही खटले एकाच चळवळीतले, दोघांच्या तोंडी एकच जयघोष. ज्याला बोलता येते, ज्याचे शब्द छापायला वृत्तपत्रे उभी असतात, त्याचा खटला न्यायाची कथा बनतो. ज्याला बोलता येत नाही, त्याचा खटला गुन्ह्याची बातमी बनतो.

टिळकांच्या खटल्यातही हेच घडले. लोकमान्य कोर्टात २१ तास १० मिनिटे बोलले, हा आकडा आपल्या मुलांनाही पाठ असतो. त्यांना शिक्षा झाल्यावर मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. रस्त्यांवर गोळीबार झाला, माणसे पडली. त्या पडलेल्यांपैकी एकाचे तरी नाव या सभागृहात कोणाला सांगता येईल का?

अमीन ज्या अभ्यासकांच्या गटातले, त्यांना सबाल्टर्न म्हणजे तळातल्या समाजाचा इतिहास लिहिणारे म्हणून ओळखतात. त्या गटाचे अध्वर्यू रणजित गुहा २०२३ साली वारले. गुहांनी १९८३ मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. बंड मोडणाऱ्यांच्या लेखणीतून बंड कसे उतरते, हा त्याचा विषय. त्यांची मांडणी सोपी करून सांगायची तर अशी. पहिला कागद असतो त्याच दिवशी घाईने लिहिलेला, कलेक्टरची तार, फौजदाराचा रिपोर्ट. त्यात शेतकरी हा शेतकरी नसतो. तो बदमाश, दंगेखोर, माथेफिरू असतो. दुसरा कागद त्यावरून सावकाशीने लिहिलेला, अधिकाऱ्यांच्या आठवणींचा, अहवालांचा. तिसरा कागद पुष्कळ वर्षांनी लिहिलेला, इतिहासकारांचा. गंमत अशी, की तिसऱ्या कागदाचा लेखक बंडखोरांचा कैवारी असला, तरी त्याच्या शाईत पहिल्या कागदाची शाई मिसळलेली असते. तो शेतकऱ्याला शिव्या देत नाही, पण शेतकऱ्याने काही विचार करून पाऊल उचलले असेल, हे त्यालाही सुचत नाही. एक म्हणतो डोके भडकले, दुसरा म्हणतो पुढाऱ्यांनी पेटवले. माणसाला स्वतःचे डोके होते, हे दोघेही धरत नाहीत.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी सुरू झालेला उठाव घ्या. इंग्रजी कागदांत त्याचे नाव दख्खनचे दंगे, आणि आपणही पुस्तकांत दंगेच म्हणतो. पण त्या शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकाराच्या जीवावर नव्हता. त्यांना हवे होते कर्जरोखे, हुकूमनामे, गहाणखते, आणि ती हाती आली की ते जाळीत. कोर्टात ज्या कागदांमुळे जमीन जात होती, तेच कागद त्यांनी शोधून काढले. याला डोके भडकणे म्हणावे काय?

आता तिसरा शब्द, स्मृती. चौरीचौऱ्यावर काम करताना अमीन कागदांवर थांबले नाहीत. घटनेला सहा-साडेसहा दशके उलटल्यावर ते डुमरीला गेले आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलत बसले. त्यांत एक वृद्ध बाई होत्या, ज्यांच्या नवऱ्याने या प्रकरणात कैक वर्षे तुरुंगात काढली होती. त्या स्वयंसेवकांना 'ओटियार' म्हणत. व्हॉलंटिअर या इंग्रजी शब्दाचे हे गावाने केलेले रूप. ते ओटियार घरोघर चिमूट-मूठ धान्य मागत आणि भगवे कपडे घालीत, असे त्या सांगत. आता कागदोपत्री तर स्वयंसेवकांचा वेश पांढऱ्या खादीचा. दुसरा कोणी असता तर त्याने म्हातारीची आठवण चुकली असे लिहून पान उलटले असते. अमीन थांबले. दारोदार झोळी घेऊन फिरणारा, घरदार बाजूला ठेवून व्रत घेतलेला माणूस तिच्या जगात कोण असतो? तो बैरागी, तो साधू. रंगाविषयी तिचे म्हणणे कोर्टात टिकणार नाही, पण त्या माणसांकडे गाव कोणत्या नजरेने पाहत होते, हे तिच्यामुळे कळले. पोलिसांच्या यादीतला आरोपी गावाच्या नजरेत व्रती होता. तुरुंगात असलेल्या माणसांमागे बायकांनी घर कसे चालवले, हेही निकालपत्रात नाही. ते अशाच बोलण्यातून कळते.

आणि स्मारके. इंग्रज सरकारने मेलेल्या पोलिसांचे स्मारक लगेच उभारले. स्वातंत्र्यानंतर त्याच स्मारकावर 'जयहिंद' ही अक्षरे आली. फाशी गेलेल्यांसाठी वेगळे स्मारक व्हायला मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली. श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते हुतात्मा स्मारकाची पायाभरणी झाली ती ६ फेब्रुवारी १९८२ रोजी, म्हणजे घटनेनंतर साठ वर्षांनी. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी शताब्दी वर्षाची सुरुवात पंतप्रधानांच्या हस्ते टपाल तिकिटाने झाली. कालचे गुन्हेगार आज हुतात्मे झाले. ज्यांच्या घरच्यांनी तीन पिढ्या कलंक सोसला, त्यांना मान मिळाला, हे योग्यच झाले.

पण अमीन वाचल्यावर एक शंका मनात राहते, ती आम्ही आपल्यापुढे ठेवतो. 'गुन्हेगार' या शब्दाने भगवान अहीर झाकला गेला होता. 'हुतात्मा' या शब्दानेही तो झाकला जाऊ शकतो. पहिल्या शब्दाने त्याचा अपमान विसरायला लावला, दुसऱ्या शब्दाने जळालेले २३ जण विसरायला लावू नये. हार घातला की माणसाविषयी विचारायचे थांबतो, आणि शिक्का मारला तरी थांबतो. अभ्यासकाचे काम हार आणि शिक्का दोन्ही बाजूला ठेवून विचारत राहण्याचे आहे.

आता हे सगळे बडोद्याच्या मंडळात कशासाठी सांगायचे? त्याला कारण आहे.

आपण पिढ्यान्पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. आपल्या समाजाचे मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, कधी शाळेसाठी, कधी घरांसाठी, कधी कामावरून काढलेल्यांसाठी. एखाद्या दिवशी कुठे काच फुटते, कुठे ढकलाढकली होते. दुसऱ्या दिवशी बातमी येते ती काचेची. मोर्चा कशासाठी होता, ते शेवटच्या ओळीत, तेही जागा उरली तर. आता तर सकाळच्या अंकाचीही वाट पाहावी लागत नाही. दहा सेकंदांचे चित्र दिवसभर पडद्यावर फिरते आणि संध्याकाळच्या चर्चेत निकाल लागून जातो. चार-दोन पोरांवर केसेस होतात. आणि मग आपल्यासारख्या मंडळांत काय घडते, हे आपण सगळे जाणतो. पहिली सूचना येते, पत्रक काढा, आमचा यांच्याशी संबंध नाही. परमुलखात राहतो, नाव खराब व्हायला नको, ही भीती समजण्यासारखी आहे. या भीतीपोटी आपण एका वाक्यात त्या पोरांना 'जमाव' करून टाकतो. दुसऱ्या टोकाला काही उत्साही मंडळी त्यांना हारतुरे घालून वीर ठरवतात आणि तारखांना कोर्टात सोबत जायला मात्र कोणी सापडत नाही. दोन्ही प्रकारांत त्या मुलाला बोलावून 'काय झाले ते सांग' असे कोणी म्हणत नाही.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. त्या या वार्तापत्राच्या संपादक मंडळाला आहेत, तशाच सभासदांना आहेत.

पहिली. कोणत्याही आंदोलनाची बातमी लिहिताना ती शेवटच्या तासापासून सुरू करू नये. मागणी काय होती, अर्ज कधी दिला, उत्तर आले की नाही, आधी कोणाला काय सोसावे लागले, हे तारखांसह आधी लिहावे. ४ फेब्रुवारी समजायला १ फेब्रुवारी लागते.

दुसरी. जे घडले ते सगळे लिहावे. आपल्या माणसाने दगड मारला असेल तर तेही लिहावे. समोरच्या पोलिसाला, दुकानदाराला, बसच्या ड्रायव्हरला इजा झाली असेल तर त्याची चौकशी करून त्याविषयीही लिहावे. आपल्या बाजूचे तेवढेच लिहिणारा कागद उद्या कोणी पुरावा म्हणून हातात घेत नाही. केस चालू असताना काय छापावे आणि काय जपून ठेवावे, हे वकिलांना विचारून ठरवावे. छापता येत नसेल ते बंद पाकिटात ठेवावे, पण लिहून ठेवावेच.

तिसरी. म्हाताऱ्या माणसांशी, विशेषतः बायकांशी बोलून घ्यावे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपल्या गावात झालेल्या संपांची, मोर्चांची, तुरुंगवासांची नोंद पोलिसांच्या दप्तरात सापडेल. पण त्या रात्री घरी चूल कशी पेटली, जामिनासाठी कोणती पाटली मोडली, शेजाऱ्यांपैकी कोण बोलायचे थांबले आणि कोण गुपचूप भाकरी देऊन गेले, हे त्यांनाच ठाऊक आहे. त्यांच्या आठवणीतला कपड्याचा रंग चुकला तरी चालेल. लिहून घेणाऱ्याने आपल्याकडून तो बदलू नये.

न्यायालयाचा निकाल मानायचा असतो आणि आपण तो मानतो. वृत्तपत्राची बातमी वाचायची असते, तीही आपण वाचतो. मात्र निकाल आणि बातमी मिळून माणसाचा सगळा हिशेब पुरा झाला, असे धरून चालणे बरे नाही. चौरीचौऱ्याच्या १९ फाशी गेलेल्यांचे म्हणणे ऐकायला १९२३ साली कोणी नव्हते. सहा-साडेसहा दशकांनी एक प्राध्यापक गेला, तेव्हा त्यांच्यापैकी एकही बोलायला उरला नव्हता. त्याला मागे राहिलेल्या बायका-पोरांच्या बोलण्यातून माणूस शोधावा लागला. आपल्याकडची माणसे अजून आहेत, बोलायला तयार आहेत, आणि काही तर आज याच सभागृहात मागच्या रांगेत बसलेली आहेत.

संपादक मंडळाने पुढच्या अंकात त्यांच्यासाठी दोन पाने राखून ठेवावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.